बोंडूची भट्टी

काजूच्या बागेत पैसा बीचा. बोंडू, म्हणजे काजूचं फळ, वजनाने बीच्या पाच ते आठ पट भरतो, तरी सिंधुदुर्गात एप्रिलमध्ये लाल-पिवळ्या बोंडूंचा सडा झाडाखालीच कुजताना दिसतो. सीमा ओलांडून गोव्याच्या सत्तरी तालुक्यात शिरलं की हेच फळ टोपल्या भरभरून भट्टीवर जातं. वाळपईजवळच्या एका बागेत मी हे काम पाहत बसलो होतो. माझं गाव ढाणकी, विदर्भातल्या उमरखेड तालुक्यातलं. आमच्या रानात काजू नाही, मोह आहे, आणि भट्टी म्हटलं की आम्हाला नाल्याकाठचा अंधार आठवतो. इथली भट्टी परवान्याची, भर उन्हात पेटलेली.

बोंडू तोडत नाहीत. पिकून आपोआप पडलेलाच उचलायचा, कारण गोडी त्यातच पूर्ण उतरलेली असते. बायका बी पिरगळून वेगळी करतात आणि फळ टोपलीत टाकतात. हे सगळं झपाट्याने चालतं, कारण बोंडू दुसऱ्या दिवशी नासायला लागतो. मग दगडी कुंडात फळ पायांनी तुडवायचं. हल्ली पायात गमबूट असतात. रस खालच्या भांड्यात उतरतो. उरलेल्या चोथ्याचा ढीग वेलीने घट्ट बांधून त्यावर जड दगड ठेवतात. रात्रभर त्यातून थेंब थेंब झिरपतो तो नीरो. सकाळी तो प्यायला मिळाला. नितळ, गोड, घशाशी किंचित तुरट. उन्हं चढली की तोही आंबू लागतो.

तुडवलेल्या रसात खमीर घालत नाहीत, साखर नाही, पाणीही नाही. फळाच्या सालीवरचं आणि हवेतलं यीस्टच दोन-तीन दिवसांत रस आंबवतं. आधी फेस चढतो, रस खदखदतो, मग हळूहळू शांत होतो. भट्टीवरचे काका मडक्याला कान लावून ऐकत होते. आवाज थांबला की रस तयार. घाई केली तर साखर तशीच राहते, फार वेळ ठेवला तर आंबट होतो. या कामातलं खरं कसब मला त्या ऐकण्यात दिसलं.

तांब्याच्या भांड्यात रस ओतून तोंड मातीने लिंपतात. नळीतून वाफ दुसऱ्या भांड्यात जाते आणि तिथे थंड होऊन तिचा अर्क बनतो. पूर्वी त्या भांड्यावर सतत गार पाणी ओतत बसावं लागे. आता बऱ्याच ठिकाणी पाण्याच्या टाकीत बुडवलेली वेटोळ्याची नळी असते. जाळ मात्र आजही माणसालाच सांभाळावा लागतो. तो भडकला की उकळता रसच नळीत चढतो आणि अर्काला करपट वास लागतो. म्हणून काका लाकडं आत सारत कमी, मागे ओढत जास्त.

पहिल्या वेळी उतरतो तो उर्राक, साधारण पंधरा टक्के मद्यार्काचा, हंगामातच संपणारा. त्यात पुन्हा आंबवलेला रस मिसळून दुसऱ्यांदा गाळला की चाळीस-पंचेचाळीस टक्क्यांची फेणी होते. ती काचेच्या मोठ्या गराफांवांत वर्षानुवर्षं टिकते. 2009 मध्ये काजू फेणीला भौगोलिक मानांकन मिळालं, आणि 2016 मध्ये गोवा सरकारने तिला वारसा पेय ठरवलं.

आमचा मोह या मानापासून लांब आहे. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे वेचलेली, उन्हात वाळवलेली त्याची फुलं बोंडूपेक्षा कितीतरी जास्त टिकतात. ती गोळा करण्या-साठवण्यावरचे निर्बंध महाराष्ट्राने 2021 मध्ये उठवले, पण घरी अर्क काढणं 1949 च्या दारूबंदी कायद्याने गुन्हाच आहे. त्यामागचं दुःख मला ठाऊक आहे. वर्धा आणि गडचिरोली हे जिल्हे आजही दारूबंदीचे आहेत, आणि विदर्भातल्या ज्या बायकांनी बंदीसाठी मोर्चे काढले त्यांचे संसार दारूनेच मोडले होते. पण लपून पेटवलेल्या भट्टीवर मडक्याला कान लावायला कोण थांबणार? तिथे पोलीस यायच्या आत माल उतरवायचा असतो, म्हणून नवसागर पडतो, जाळ भडकतो, आणि जे उतरतं ते पिणाऱ्याच्या जिवावर बेततं.

मध्य प्रदेशाने 2022 मध्ये आदिवासी बचत गटांना मोहाची वारसा दारू बनवण्याची वाट मोकळी केली. अलिराजपूर आणि दिंडोरीत ती बनू लागली. आमच्याकडच्या पैनगंगेच्या काठच्या आंध आणि कोलाम आदिवासी कुटुंबांनाही असा परवाना मिळावा, आणि तो गटातल्या बायकांच्या नावावर असावा, असं मला मनापासून वाटतं.