सर्व्हरच्या डिस्कची राखण

सर्व्हरमधली हार्ड डिस्क साधारणपणे मिनिटाला ७,२०० फेरे घेते आणि तिचे वाचक-शीर्ष चकतीपासून काही नॅनोमीटरवर तरंगत राहते. असे यंत्र कधीतरी बंद पडणारच. निफाड तालुक्यात लासलगाव आणि पिंपळगाव बसवंत या कांद्याच्या मोठ्या बाजारपेठा आहेत. अशा ठिकाणी वजन, लिलावाचा भाव आणि हिशोबपट्टी एकाच सर्व्हरवर जमा होत असेल, तर एक डिस्क गेली म्हणून ट्रॅक्टरांची रांग थांबवता येत नाही.

म्हणून अनेक डिस्क एकत्र बांधतात. बर्कली विद्यापीठातल्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी १९८८ मध्ये मांडलेल्या या रचनेला ‘रेड’ म्हणतात. रेड-१ मध्ये दोन डिस्कवर तीच माहिती असते. रेड-५ एका डिस्कचे जाणे सोसते, रेड-६ दोन डिस्कचे. खरी कसोटी नवी डिस्क बसवल्यावर लागते. ८ टेराबाइटची डिस्क सेकंदाला २०० मेगाबाइट वेगाने भरली तरी ११ तास जातात आणि लिलाव चालू असताना त्याहून जास्त. तेवढा वेळ उरलेल्या, बहुधा त्याच वयाच्या डिस्कवर ताण येतो. मोठ्या डिस्कसाठी रेड-५ पुरेसे मानणे म्हणूनच धोक्याचे. आणखी एक साधी गोष्ट राहून जाते: प्रत्येक कप्प्यावर त्या डिस्कचा अनुक्रमांक चिकटवणे. घाईत बिघडलेलीऐवजी चांगली डिस्क ओढली गेली, तर रेड-५ चा सगळा संच कोसळू शकतो.

डिस्क स्वतःच्या प्रकृतीची नोंद ‘स्मार्ट’ प्रणालीत ठेवते. बदललेल्या आणि वाचता न आलेल्या सेक्टरांचे आकडे वाढू लागले की डिस्क बदलावी. मात्र २००७ मध्ये गूगलने लाखाहून अधिक डिस्कची पाहणी प्रसिद्ध केली; तिच्यात निकामी झालेल्यांपैकी निम्म्याहून अधिक डिस्कनी चार प्रमुख निर्देशकांपैकी एकातही इशारा दिलेला नव्हता. त्यामुळे महिन्यातून एकदा, सुट्टीच्या दिवशी, सगळा संच वाचून तपासणे सोडता येत नाही.

त्याच पाहणीत उष्णतेचा दोष समजुतीपेक्षा कमी निघाला. निफाडची थंडी मात्र वेगळी; कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात काही हिवाळ्यांत पारा पाच अंशांखाली उतरतो आणि बहुतेक डिस्कची चालण्याची खालची मर्यादा तीच असते. चालू सर्व्हरला याची फिकीर नाही. पहाटेच्या गाडीतून आणलेल्या गार डिस्कवर मात्र उबदार खोलीत दव धरते; ती लगेच चालू न करता काही तास तशीच ठेवावी. याहून मोठा शत्रू वीज. ती अचानक गेली की अर्धवट लिहिलेली नोंद बिघडते. यूपीएस हवाच, शिवाय त्याची बॅटरी संपण्याआधी सर्व्हर आपोआप बंद होईल अशी जोडणीही हवी.

रेड म्हणजे बॅकअप नव्हे. चुकून पुसलेली फाइल सगळ्या डिस्कवरून एकदमच पुसली जाते आणि खंडणीखोर व्हायरस नेटवर्कवर कायम जोडलेली बॅकअप डिस्कही कुलूपबंद करतो. म्हणून एक प्रत सर्व्हरपासून तोडून ठेवतात आणि एक इमारतीबाहेर, समजा नाशिक शहरात. तिच्यातून एखाद्या जुन्या दिवसाच्या हिशोबपट्ट्या अधूनमधून परत काढून पाहाव्या लागतात. हे काम कंटाळवाणे असल्याने सगळ्यात आधी टाळले जाते.

शेवटी मेलेली डिस्क उरते. ती वॉरंटीत कंपनीकडे जाते, तेव्हा शेतकऱ्यांचे बँक खाते क्रमांकही तिच्यासोबत जातात आणि बंद पडलेली डिस्क पुसता येत नाही. त्यामुळे डिस्कवरची माहिती पहिल्या दिवसापासूनच सांकेतिक करून ठेवतात; तशी नसेल, तर वॉरंटीचा नाद सोडून चकत्या फोडतात.