अठरा जणी, उरल्या चौघी

नोव्हेंबरचा चौथा गुरुवार म्हणजे अमेरिकेत ‘थँक्सगिव्हिंग’चा, आभार मानण्याचा दिवस. लेक-जावई किंवा मुलगा-सून तिकडे असलेल्या आपल्याकडच्या कितीतरी घरांना आता तो माहीत झालाय. सुट्टी असते, टर्की भाजतात, सगळे एकत्र जेवतात. आणि दरवर्षी एक गोष्ट सांगितली जाते, ‘पिलग्रिम फादर्स’ची. धर्मासाठी मायदेश सोडून १६२० साली ‘मेफ्लॉवर’ जहाजातून अमेरिकेला गेलेल्या इंग्रजांची. मला या नावातच कायम काहीतरी खटकतं. फादर्स! मग मदर्स कुठे गेल्या?

जहाजावर १०२ प्रवासी होते. त्यात संसारी बायका अठरा. वर्षभरात पहिलं पीक हाती आलं आणि मेजवानी झाली, तेव्हा त्या अठरांपैकी फक्त चौघी जिवंत होत्या. हा आकडा वाचल्यापासून ती मेजवानी माझ्या डोळ्यांसमोर वेगळीच दिसते.

मुळात यांनी देश का सोडला? त्या काळी इंग्लंडमध्ये राजा सांगेल तेच चर्च आणि तीच प्रार्थना. स्क्रूबी नावाच्या खेड्यातल्या काही कुटुंबांना ते मान्य नव्हतं. ते घरात जमून आपल्या पद्धतीने प्रार्थना करत. त्यासाठी दंड होई, तुरुंगही होई. परवानगीशिवाय देश सोडणं हाही गुन्हा. म्हणून त्यांनी गुपचूप हॉलंड गाठायचं ठरवलं.

१६०८ मधला प्रसंग तर अंगावर येतो. पुरुष डच जहाजावर चढू लागले होते. बायका-मुलं आणि सामान दुसऱ्या होडीत होतं, आणि ती होडी ओहोटीमुळे गाळात रुतून बसली. तेवढ्यात हत्यारबंद जमाव येताना दिसला. डच कप्तानाने घाबरून शिडं उभारली आणि जहाज निघून गेलं! नवरे समुद्रावर, बायका किनाऱ्यावर, पोरं थंडीने कुडकुडत रडतायत. त्यांना पकडलं आणि एका अधिकाऱ्याकडून दुसऱ्याकडे फिरवलं. पण करायचं काय यांचं? नवऱ्यामागे निघाल्या, हा काय गुन्हा म्हणायचा? घरी पाठवावं तर घरंदारं विकलेली. शेवटी कंटाळून सोडून दिलं. पुढे एकेक करत त्या हॉलंडला पोचल्या.

तिथे लायडन शहरात त्यांनी अकरा-बारा वर्षं काढली. धर्माची मोकळीक होती, पण पोटासाठी विणकामासारखी कष्टाची कामं करावी लागत. मुलंही लहानपणीच राबू लागली. शिवाय मुलं डच वळणावर चालली, आपलं काही उरणार नाही, ही धास्ती होतीच. परदेशात मुलं वाढवणाऱ्या आपल्या लेकी-सुनांना ती लगेच कळेल. मग ठरलं अमेरिकेला जायचं. सगळ्यांना एकदम नेणं शक्य नव्हतं, त्यामुळे काही आयांनी पोटची मुलं मागे ठेवली. मेरी ब्रूस्टरने दोन लहान मुलगे बरोबर घेतले, पण मोठी तीन मुलं मागे राहिली. डोरोथी ब्रॅडफर्डने आपला छोटा जॉन मागेच ठेवला.

मेफ्लॉवर हे मालवाहू जहाज. माणसं राहिली ती दोन डेकांच्या मधल्या जागेत, जिथे उंच माणसाला ताठ उभंही राहता येत नव्हतं. आडोसा नाही, अंघोळ नाही. खायला सुकी कडक बिस्किटं आणि खारवलेलं मांस. वादळात जहाजाची मुख्य तुळई तडकली. असे ६६ दिवस! त्यात तीन जणी गरोदर होत्या. त्यातली एलिझाबेथ हॉपकिन्स भर समुद्रात बाळंत झाली. मुलाचं नाव ठेवलं ओशनस, महासागरावरून.

११ नोव्हेंबर १६२० रोजी (त्या वेळच्या इंग्रजी पंचांगाप्रमाणे) जहाजाने केप कॉडला नांगर टाकला. त्याच दिवशी आपला कारभार आपण कसा चालवायचा याचा करार झाला. त्यावर सह्या ४१, सगळ्या पुरुषांच्या. शाळेच्या पुस्तकात हा करार असतो. पण त्यानंतरच्या सोमवारची, १३ नोव्हेंबरची नोंदही त्यांच्याच वृत्तांतात आहे. त्या दिवशी बायका किनाऱ्यावर उतरल्या त्या कपडे धुवायला! दोन महिन्यांची घाण, बाळंतिणीचं, तान्ह्याचं, आजाऱ्यांचं धुणं. एकीकडे करार, एकीकडे धुणं. नवी वसाहत दोन्हींवर उभी राहिली, असं मला वाटतं.

पुरुष जागा शोधायला जात, तेव्हा बायका-मुलं जहाजावरच असत. असाच शोध चालू असताना ७ डिसेंबरला डोरोथी ब्रॅडफर्ड जहाजावरून पडून बुडाली. तिचा नवरा विल्यम परतला तो ही बातमी ऐकायलाच. पुढे तो वसाहतीचा गव्हर्नर झाला, वसाहतीचा मोठा इतिहास लिहिला. पण त्यात बायकोच्या मरणावर तो जवळजवळ काहीच बोलत नाही.

मग प्लिमथला वस्ती करायचं ठरलं आणि आला तो हिवाळा. पुरुष किनाऱ्यावर घरं बांधत होते. बायका त्या कोंदट, ओल्या जहाजात आजाऱ्यांची शुश्रूषा करत होत्या. निम्मी माणसं गेली. बायकांचं प्रमाण सगळ्यात जास्त. सतत आजाऱ्यांजवळ आणि कोंडलेल्या हवेत राहिल्यामुळे हे झालं असावं, असं अभ्यासक म्हणतात. मेरी ॲलर्टनचं बाळ मेलेलं जन्मलं आणि दोन महिन्यांत तीही गेली.

सुझाना व्हाइट जहाजावरच बाळंत झाली होती. फेब्रुवारीत तिचा नवरा गेला. पदरात तान्हं मूल आणि एक लहान मुलगा. मार्चमध्ये एडवर्ड विन्स्लोची बायको गेली. मेमध्ये या दोघांनी लग्न केलं. आपल्याकडे चार तोंडांनी चर्चा झाली असती, ‘इतक्या लवकर?’ पण तिथे एकट्याने जगणंच शक्य नव्हतं. हे वसाहतीतलं पहिलं लग्न, आणि तेही पाद्रीशिवाय, न्यायाधिकाऱ्यासमोर. नोंदणी विवाहच म्हणा ना!

आता एका परक्या आईबद्दल सांगते. १६२१ च्या उन्हाळ्यात एलिनॉर बिलिंग्टनचा मुलगा जॉन रानात हरवला. त्याला शोधायला दहाजण होडीने निघाले. वाटेत कुमाक्विड इथे मूळ रहिवाशांमधली एक म्हातारी त्यांना बघायला आली. शंभरीची असावी, असं त्यांना वाटलं. तिने कधी इंग्रज पाहिले नव्हते. त्यांना पाहताच ती धाय मोकलून रडू लागली. चौकशी केली तेव्हा कळलं की, काही वर्षांपूर्वी हंट नावाच्या इंग्रज कप्तानाने तिचे तीन मुलगे फसवून जहाजात घातले आणि गुलाम म्हणून विकायला स्पेनला नेले. या शोधपथकाचा दुभाषा टिस्क्वांटम, त्यालाही १६१४ मध्ये त्याच हंटने पळवलं होतं. तो परत आला तेव्हा त्याचं अख्खं गाव साथीत मेलेलं. त्याच ओसाड गावावर प्लिमथ वसलं होतं.

इंग्रजांनी म्हातारीला हंट वाईट माणूस होता असं सांगितलं, काही किरकोळ वस्तू दिल्या आणि पुढे निघाले. जॉन सापडला. तिथल्या लोकांनी त्याला सांभाळलं होतं, गळ्यात मण्यांच्या माळा घालून परत पाठवलं. ज्या भागातला साठवलेला मका या इंग्रजांनी आदल्या हिवाळ्यात उकरून नेला होता, त्याच भागातले हे लोक! एलिनॉरला तिचा मुलगा मिळाला. त्या म्हातारीचे तीन कधीच आले नाहीत. तिचं नावसुद्धा कोणी लिहून ठेवलं नाही.

त्या शरद ऋतूत ती प्रसिद्ध मेजवानी झाली. वाम्पानोआग लोकांचा प्रमुख मॅसॅसॉइट नव्वद माणसं घेऊन आला, त्यांनी पाच हरणं आणली. इंग्रज सुमारे पन्नास. तीन दिवस खाणंपिणं. विन्स्लोच्या पत्रात हे सगळं आहे, स्वयंपाक कोणी केला तेवढं नाही. पण बायका होत्याच किती? मेरी ब्रूस्टर, एलिझाबेथ हॉपकिन्स, सुझाना, एलिनॉर. आणि हाताखाली प्रिसिला, मेरी चिल्टन यांच्यासारख्या, आईबाप दोन्ही गमावलेल्या पोरी.

बायकांचं बोलणं कागदावर फारसं उरलं नाही. एक मात्र उरलं. सुरुवातीला शेती सगळ्यांची मिळून होती आणि बायकांना दुसऱ्या पुरुषांचाही स्वयंपाक, धुणं करावं लागे. ही तर गुलामीच, असं त्यांना वाटे, हे ब्रॅडफर्डनेच लिहून ठेवलंय. १६२३ मध्ये घरटी वेगळी जमीन दिली, तेव्हा त्याच बायका तान्ह्यांना घेऊन आनंदाने मका लावायला निघाल्या. कामाला त्यांची ना नव्हती. आपल्या कामावर दुसऱ्याने हुकूम चालवायला होती.

त्या हिवाळ्यातली माणसं प्लिमथच्या कोल्स हिल या टेकडीवर पुरली. १९७० पासून दर थँक्सगिव्हिंगला त्याच टेकडीवर मूळ रहिवाशांचे वंशज जमतात, पण ते शोक पाळायला. खाली गावात आभाराचं जेवण चाललेलं असतं. त्या चौदा जणी आणि ती म्हातारी, सगळ्यांची आठवण मला त्या एकाच टेकडीवर येते.