दाताचा डॉक्टर गावात टिकावा म्हणून

दाढ ठणकली की हट्ट्याचा माणूस आधी लवंग धरतो, मग गोळी घेतो, अन् गाल सुजला की वसमत नाहीतर परभणी गाठतो. शेतकरी बंधूंनो, तुमच्या घरातले कुणी दाताची डॉक्टरकी शिकत असेल, तर पुढची वाट समजून घ्या.

बीडीएसची चार वर्षे, एक वर्ष आंतरवासिता, नंतर राज्य दंत परिषदेकडे नोंदणी. पण पदवी हाती आली म्हणून लगेच कर्ज काढू नका. दोन-तीन वर्षे जुन्या डॉक्टरकडे पगारावर किंवा टक्केवारीवर काम करू द्या. ही बटईच समजा. खर्च मालकाचा, हात आपला बसतो. रोग्याशी बोलायचे कसे, हिशेब ठेवायचा कसा, हेही तिथेच कळते.

मग स्वतःचा दवाखाना. खुर्ची, कॉम्प्रेसर, एक्स-रे, अवजारे वाफेवर निर्जंतुक करायचे यंत्र, शिवाय वीज गेली तर इन्व्हर्टर. बँकेचा हप्ता दरमहा येतो. रोगी मात्र म्हणतो, हळद विकल्यावर देतो! म्हणून सुरुवातीला आठवड्यातून दोन दिवस गावात बसावे, बाकी दिवस जुनी नोकरी धरून ठेवावी.

सरपंच, ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी माफक भाड्यात पाण्याची सोय असलेला गाळा मिळवून दिला तर मोठा आधार होईल. नोंदणीचे प्रमाणपत्र तेवढे पाहून घ्या. अन् तुम्ही? तंबाखू, मिश्रीने तोंडात पांढरा चट्टा पडला, तोंड कमी उघडू लागले, तर दुखायची वाट पाहू नका. वेळेवर गेलात तर तुमचा जीव वाचेल, अन् गावचा दवाखानाही.