प्रथिन न घडवणारे, गाठ वाढवणारे

ग्लायोब्लास्टोमा ही मेंदूच्या कर्करोगांतली अत्यंत आक्रमक गाठ. तिच्यावरच्या आजच्या उपचारांची घडी बसली ती २००५ साली. रॉजर स्टुप आणि सहकाऱ्यांनी ५७३ रुग्णांवरच्या चाचणीचे निष्कर्ष तेव्हा प्रसिद्ध केले. नुसत्या रेडिएशनवर रुग्णांचे मध्यक आयुर्मान १२.१ महिने होते. टेमोझोलोमाइड या कर्करोगविरोधी औषधाची जोड दिल्यावर ते १४.६ महिने झाले. अडीच महिन्यांचा हा लाभ मोलाचाच, पण पुरेसा नव्हे. सर्जन दिसते तेवढी गाठ काढतात. तिच्या पेशी मात्र आसपासच्या निरोगी मेंदूत आधीच शिरलेल्या असतात.

म्हणून संशोधकांची नजर वळली जनुकसंचाच्या दुर्लक्षित भागाकडे. मानवी डीएनएचा जेमतेम दोन टक्के भाग प्रथिनांची कृती सांगतो. उरलेल्याला एकेकाळी अडगळ समजले जाई. पण त्यातूनही आरएनए तयार होतात. त्यांतल्या २०० न्यूक्लिओटाइडांहून लांब आणि प्रथिन न घडवणाऱ्या आरएनएंना लाँग नॉनकोडिंग आरएनए म्हणतात. कोणते जनुक चालू राहील आणि कोणते बंद, हे ठरवण्यात त्यांतल्या अनेकांचा हात असतो.

स्टॅनफर्डमध्ये हॉवर्ड चँग यांच्या प्रयोगशाळेत जॉन रिन यांनी २००७ साली उजेडात आणलेला ‘हॉटेअर’ हा त्यांपैकीच एक. तो बाराव्या गुणसूत्रावरून निघतो. निरोगी मेंदूत तो जवळपास नसतो, ग्लायोब्लास्टोमात मात्र वाढलेला आढळतो. प्रयोगशाळेत तो दाबला की गाठीच्या पेशींचे विभाजन मंदावते. ‘मेग३’ची तऱ्हा नेमकी उलटी: तो वाढीला आवर घालतो आणि ग्लायोमात तोच कमी झालेला असतो. म्हणजे सगळ्यांना एकाच मापाने मोजून चालत नाही. एकेकाची तपासणी करावी लागते.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्को शाखेतील डॅनियल लिम यांच्या गटाने २०२० साली नेमके तेच केले. डीएनए न कापता जनुक गप्प करणारे क्रिस्पर तंत्र वापरून त्यांनी अशा आरएनएंची ५,६८९ ठिकाणे एकेक करून बंद केली आणि रुग्णांना देतात तसे टप्प्याटप्प्याने रेडिएशन त्या पेशींना दिले. ४६७ ठिकाणी पेशींच्या वाढीत फरक पडला. त्यांतल्या ३३ ठिकाणी पेशी रेडिएशनपुढे अधिक दुबळ्या ठरल्या. त्यांतूनच ‘एलएनसीजीआरएस-१’ हाती लागला. तो दाबल्यावर गाठीच्या पेशींची वाढ रोडावली, निरोगी मेंदूपेशी मात्र टिकून राहिल्या. खरे यश या निवडकपणात आहे, कारण मेंदूत औषधाचा नेम चुकला तर माणसाचे बोलणे, चालणे, स्मरण यांवरच घाला येतो.

असे आरएनए दाबणारे अँटिसेन्स औषध मेंदूपर्यंत पोहोचवणे अवघड आहे, अशक्य नाही. याच जातीचे नुसिनर्सेन मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात टोचले जाते. स्नायू क्षीण करणाऱ्या एका आनुवंशिक आजारावर अमेरिकेत त्याला २०१६ साली मान्यता मिळाली.

मात्र ‘एलएनसीजीआरएस-१’बद्दलचे निष्कर्ष पेशींवरचे आणि प्रयोगशाळेत वाढवलेल्या मेंदूऊतींवरचे आहेत. घरात असा रुग्ण असेल आणि कुणी ‘आरएनए उपचार’ विकू लागले, तर पैसे मोजण्याआधी एकच विचारा: या उपचाराच्या चाचणीची क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडियामध्ये नोंद आहे का? नोंदणी क्रमांक मिळाला नाही, तर तिथून उठा आणि आपल्या कर्करोगतज्ज्ञांकडे जा.