पस्तीस किलोचं घर

खानदेशातल्या शिरपूर तालुक्यातली जुनी माणसं रेशन दुकानाला अजून ‘कंट्रोल’ म्हणतात. सरकारी पाटीवर ‘रास्त भाव दुकान’ लिहिलेलं असतं, पण जानेवारी 2023पासून तिथल्या धान्याला भावच उरलेला नाही. त्याआधी गहू 2 रुपये आणि तांदूळ 3 रुपये किलो होता. आता दोन्ही फुकट. पाटी मात्र तीच.

इंग्लंडमधल्या फूड बँकांपुढच्या रांगा वाढल्याच्या बातम्या हल्ली आपल्याकडेही येतात. तिथे लोकांनी दान दिलेले डबे बहुधा चर्चच्या हॉलमध्ये वाटतात. आपल्याकडची रांग 2013च्या अन्न सुरक्षा कायद्याने हक्काची झाली. म्हणून तापीकाठची एखादी बाई ओटा चढायच्या आधीच खणखणीत आवाजात विचारते, ‘माल उना का?’, म्हणजे आला का? दान घेणाऱ्याचा आवाज असा लागत नाही.

पण हक्क किती किलोंचा, हेही पाहायला हवं. ‘प्राधान्य’ कुटुंबाला माणशी महिन्याला 5 किलो, म्हणजे दिवसाला सुमारे 166 ग्रॅम. शेतात राबणाऱ्या माणसाच्या पोटाला एवढं एका जेवणालाही जेमतेम पुरतं. पंधरवडा उलटला की घर किराणा दुकानाच्या उधारीवर येतं. डाळ, तेल, मिरची तर पहिल्या दिवसापासून विकतच.

दुसरा गट ‘अंत्योदय’चा. ही योजना 25 डिसेंबर 2000 रोजी सुरू झाली, गरिबांतल्या गरिबांसाठी. तिच्यात माणसं मोजत नाहीत. कार्डामागे सरळ 35 किलो. म्हातारा-म्हातारीच्या घराला ते भरपूर होतं. पण तालुक्याच्या उत्तरेला, सातपुड्याच्या पाड्यांवर, पावरा आणि भिल्ल कुटुंबं मोठी असतात. एका चुलीवर आठ माणसं जेवत असतील तर अंत्योदयवाल्याला 35 किलो, आणि त्याच्याहून बऱ्या स्थितीतल्या प्राधान्यवाल्याला 40. म्हणजे जो अधिक गरीब, त्याच्याच पदरात कमी! कायद्याच्या भाषेत यात काही चुकलेलं नाही. भाकरी मात्र कमी पडते.

भाकरी म्हटलं की ज्वारी आली. खानदेशाचं पोट दादर ज्वारीवर, कळण्याच्या भाकरीवर पोसलेलं. कंट्रोलमध्ये मुख्यतः येतात गहू आणि तांदूळ. ज्वारी येते, पण अधूनमधून. 1972च्या दुष्काळातला अमेरिकेची तांबडी मिलो ज्वारी ज्यांनी खाल्ली, त्यांना आजचा गहू-तांदूळ चैनीचा वाटेल, हेही खरं.

दुकानातली सगळ्यात वजनदार वस्तू काटा नव्हे, अंगठ्याचं यंत्र. आधारशी जुळणारा ठसा लागला की पावती निघते, मग धान्य. खुरपं धरून, कापूस वेचून बोटांच्या रेषा पुसट झालेल्या माणसाचा ‘अंगठा लागत नाही’. तो हात सदऱ्याला पुसतो, पुन्हा टेकवतो. शिवाय पाड्यांवर नेटवर्कला झाडापानांतून वाट काढत यावं लागतं.

या यंत्राने एक काम मात्र चोख केलं. मजुरी शोधत इथली माणसं गुजरातेत जातात. पूर्वी कार्ड गावात आणि पोट परमुलखात अशी गत असे. ऑगस्ट 2019मध्ये ‘एक देश, एक रेशन कार्ड’चे पहिले प्रयोग झाले, त्यांत महाराष्ट्र-गुजरात ही एक जोडी होती. आता सुरतेतही अंगठा चालतो. वाटणीही होते: काही किलो तिकडे उचलायचे, बाकीचे गावातल्या म्हाताऱ्यांनी.

खरी अडचण अंगठ्याच्याही अलीकडची, नाव चढवण्याची. ‘इष्टांक शिल्लक नाही’ हे पुरवठा खात्याचं ठेवणीतलं उत्तर. राज्यात सुमारे 7 कोटी माणसांनाच हे धान्य मिळू शकतं, आणि ही मर्यादा 2011च्या जनगणनेवर बेतलेली आहे. त्यानंतर जन्मलेली मुलं आता शाळेत जातात. एखादं नाव कमी झालं तर दुसरं चढायचं. म्हणजे कुणाच्या तरी मरणाची किंवा सासरी जाण्याची वाट पाहायची. ज्यांची नावं चढलेली होती त्यांना कोरोनाकाळात, डिसेंबर 2022पर्यंत, माणशी आणखी 5 किलो मिळत होते. ते थांबले आणि मूळचे 5 किलो फुकट झाले. जाहिरातीत फुकटपणा मोठा दिसला. घरातला डबा निम्म्यावर आला.

तुमच्या ओळखीत कुणी कंट्रोलवर जात असेल तर त्यांना एवढंच सांगा: अंगठा दिल्यावर पावती मागून घ्या आणि त्यावरचे किलो काट्याशी ताडून बघा. कमी भरले तर तक्रारीचा नंबर 1967, फोनला पैसे पडत नाहीत.