कपाटातील व्हिडिओ कॅसेट : ओळख आणि जतन

समाजाचा इतिहास दोन ठिकाणी असतो. थोडा छापील ग्रंथांत आणि बराचसा लोकांच्या घरी, कपाटात व पेटीत. बी.बी.सी.ने १९५५ साली घेतलेल्या मुलाखतीतून पूज्य बाबासाहेबांचा आवाज आज आपण ऐकू शकतो, कारण ती ध्वनिफीत कोणीतरी सांभाळली. जे सांभाळले गेले नाही, त्याची आज मोजदादही करता येत नाही.

या लेखात आम्ही एका साध्या वस्तूबद्दल लिहीत आहोत. ती म्हणजे डिजिटल व्हिडिओ कॅसेट. डी.व्ही. ही पद्धत १९९५ साली बाजारात आली. पुढील पंधराएक वर्षे लग्ने, जयंतीच्या मिरवणुका, धम्मपरिषदा, विहारांची उद्घाटने यांचे चित्रीकरण याच लहान कॅसेटवर होत असे. जालना, अंबड, भोकरदन, परतूर, मंठा, कोठेही जा, हीच पद्धत. लोककवी वामनदादा कर्डक १५ मे २००४ रोजी गेले, 'अस्मितादर्श'कार डॉ. गंगाधर पानतावणे २७ मार्च २०१८ रोजी. म्हणजे या कॅसेटच्या काळात ही माणसे गावोगावी बोलत होती, गात होती. असा एखादा कार्यक्रम कोणत्या कपाटात असेल, हे शोधल्याशिवाय कळणार नाही.

सी.डी. आहे, मग कॅसेट कशाला?

हा प्रश्न आम्हांला नेहमी विचारला जातो. त्या काळी कार्यक्रमानंतर घरी व्हिडिओ सी.डी. मिळत असे. मूळ कॅसेट पुष्कळदा स्टुडिओतच राही किंवा तिच्यावर दुसरे चित्रीकरण होई. परंतु व्हिडिओ सी.डी.त दर सेकंदाला सुमारे १.१५ मेगाबिट एवढीच चित्राची माहिती असते, डी.व्ही. कॅसेटवर ती २५ मेगाबिट असते. शिवाय सी.डी. बहुधा काटछाट केलेली असते. बँकेच्या भाषेत सांगायचे तर कॅसेट हे मूळ व्हाउचर आहे आणि सी.डी. ही त्याची अंधूक झेरॉक्स. झेरॉक्स आहे म्हणून कोणी व्हाउचर फाडीत नाही.

कॅसेट कशी ओळखावी?

१) पुस्तकाएवढी मोठी, सुमारे १८७ मि.मी. लांबीची असेल तर ती व्ही.एच.एस. होय. ही डिजिटल नाही, पण जपण्यासारखीच आहे.

२) गाण्याच्या कॅसेटएवढी पण जाड असेल तर ती ८ मि.मी. जातीची. येथे गोंधळ होतो. व्हिडिओ-८, हाय-८ आणि १९९९ साली सोनीने आणलेली डिजिटल-८ या तिन्ही पद्धतींचे कवच एकसारखे असते. साध्या हाय-८ कॅसेटवरही डिजिटल चित्रीकरण होत असे. त्यामुळे नुसत्या लेबलावर विसंबू नये. चित्रीकरण कोणत्या कॅमेऱ्याने झाले ते कळले तर निम्मे काम झाले.

३) काडेपेटीपेक्षा जरा मोठी, सुमारे ६६ मि.मी. लांब व ४८ मि.मी. रुंद असेल तर ती मिनी डी.व्ही. आपल्याकडे बहुधा हीच सापडेल. हिच्यातही पोटभेद आहेत. साध्या गतीने ६० मिनिटांची कॅसेट ६० मिनिटे चालते, लाँग प्ले म्हणजे एल.पी. गतीने ९० मिनिटे आणि डीव्हीकॅम पद्धतीत ४० मिनिटे. २००३ साली आलेली एच.डी.व्ही. पद्धतही याच कॅसेटवर चाले, पण साधा डी.व्ही. कॅमेरा ती दाखवू शकत नाही. तेव्हा चित्र दिसले नाही म्हणून कॅसेट कोरी समजून फेकू नये.

४) हिच्यासारखीच पण सुमारे १२५ मि.मी. लांब असेल तर ती व्यावसायिक कॅमेऱ्याची मोठी डी.व्ही. किंवा डीव्हीकॅम कॅसेट.

धोका कशाचा?

मिनी डी.व्ही.ची फीत पाव इंच रुंद आणि सुमारे ७ मायक्रॉन जाड असते. तिच्यावरील चित्राचा एकेक माग साध्या गतीत केवळ १० मायक्रॉन रुंद असतो. आपला केस याच्या कितीतरी पट जाड असतो. जुन्या व्ही.एच.एस.चे चित्र हळूहळू फिके होते. डिजिटल चित्र मात्र फिके होत नाही. ते एका मर्यादेपर्यंत स्वच्छ दिसते आणि मग एकाएकी चौकडे उमटतात, आवाज तुटतो, चित्र थिजते. त्यामुळे "अजून चांगली चालते" या समाधानात राहू नये.

आपल्या जिल्ह्यात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, आणि पावसाळ्यात बंद कपाटात बुरशी येते. पत्र्याखालचे माळे व लोखंडी पेट्या ही कॅसेटसाठी वाईट जागा.

परंतु फितीपेक्षा मोठा धोका यंत्राचा आहे. व्ही.एच.एस. यंत्रे करणारी शेवटची जपानी कंपनी फुनाई हिने २०१६ साली उत्पादन थांबविले. मिनी डी.व्ही. कॅमेरेही आता कोणी नवे करीत नाही. २०१९ साली युनेस्को व ध्वनिचित्र संग्रहालयांची आंतरराष्ट्रीय संघटना यांनी चुंबकीय फितींबाबत जगाला इशारा दिला, तो याच कारणाने. फीत शाबूत आणि वाचणारे यंत्र नाही, अशी पाळी येत आहे.

काय करावे?

प्रथम कॅसेटच्या कडेची सरकती खूण 'सेव्ह' या बाजूस करावी, म्हणजे तिच्यावर चुकून दुसरे चित्रीकरण होणार नाही. फीत एका टोकापर्यंत पूर्ण गुंडाळून कॅसेट डबीत घालावी आणि पुस्तकासारखी उभी ठेवावी. स्पीकर व लोहचुंबक दूर ठेवावेत. पांढरी बुरशी दिसल्यास ती यंत्रात घालू नये. पुसण्याचा किंवा तेल लावण्याचा प्रयोग तर मुळीच करू नये. अशी कॅसेट वेगळी ठेवून जाणकाराला दाखवावी.

नंतर उतरवून घेणे. कॅमेऱ्याला फायरवायर नावाची लहान जागा असते, सोनीच्या कॅमेऱ्यावर तिला आय.लिंक म्हणतात. तिच्यातून संगणकात चित्राची माहिती जशीच्या तशी जाते. पिवळ्या-लाल-पांढऱ्या वायरीने घेतल्यास चित्राची प्रत उतरते. यू.एस.बी.ची जागा बहुतेक कॅमेऱ्यांत फक्त छायाचित्रांसाठी किंवा हलक्या प्रतीच्या चित्रासाठी असते. नव्या संगणकांत फायरवायर सापडत नाही, म्हणून जुना संगणक मोडीत काढण्यापूर्वी त्याची मागची बाजू पाहावी.

एका तासाच्या कॅसेटला उतरायला एक तासच लागतो आणि सुमारे १३ जी.बी. जागा लागते. म्हणजे अशा शंभर कॅसेट दोन टी.बी.च्या एका हार्ड डिस्कवर सहज मावतात. मोबाईलसाठी लहान प्रत जरूर करावी, पण मूळ फाईल पुसू नये. तीन प्रती असाव्यात : दोन वेगवेगळ्या साधनांवर आणि त्यांतील एक दुसऱ्या घरी वा दुसऱ्या गावी. उतरवून झाल्यावरही कॅसेट टाकू नये.

नोंदवही

नोंद नसलेली कॅसेट म्हणजे खातेदाराचे नाव नसलेले खाते. प्रत्येक कॅसेटला क्रमांक द्यावा. तारीख, गाव, प्रसंग, वक्ते व गायक, चित्रीकरण करणारा आणि कॅसेटची स्थिती वहीत लिहावी. पडद्यावरील चेहरे ओळखणारी वडीलधारी माणसे आज आहेत, त्यांना शेजारी बसवून नावे विचारावीत. ही माहिती कोणत्याही फितीत नसते. घरगुती चित्रीकरण मात्र त्या कुटुंबाच्या संमतीशिवाय कोणास दाखवू नये.

विद्यार्थी मित्रांना आमची विनंती आहे की, येत्या सुटीत प्रत्येकाने आपल्या वस्तीतील दहा घरे व एखादा जुना फोटो स्टुडिओ पाहावा आणि कोठे कोणती कॅसेट आहे एवढीच यादी करावी. कॅसेट मागू नये, फक्त नोंद घ्यावी. या कामाला पैसा लागत नाही, एक वही आणि मोजपट्टी पुरते. यादी तयार झाली की यंत्राची व हार्ड डिस्कची सोय सर्वांनी मिळून करता येईल. आपला इतिहास दुसऱ्या कोणी लिहिला नाही अशी तक्रार आपण नेहमी करतो. जो आपल्याच घरात पडून आहे, तो सांभाळण्याची जबाबदारी मात्र आपलीच आहे.