पाणी, ऊन आणि वस्ती

नवे घर बांधावयाचे ठरले, म्हणजे आपण जागेची किंमत पाहतो, रस्त्याची रुंदी पाहतो, बाजार व शाळा किती दूर आहेत ह्याची चौकशी करतो. परंतु ह्या जमिनीवर पडणारे पावसाचे पाणी कोणीकडे जाते, असे विचारणारा गृहस्थ विरळाच. पाणी दाराशी येऊन उभे राहिले, म्हणजे मात्र तो प्रश्न आपोआप सुचतो. अमेरिकेतील एका दांपत्याने तो आधीच विचारला आणि त्याच्या उत्तरावर एक संपूर्ण वसाहत उभी केली. तिची हकीकत आमच्या विद्यार्थ्यांस, व विशेषतः त्यांच्यापैकी जे पुढे स्थापत्याकडे वळू इच्छितात त्यांस, उपयोगी वाटेल असे समजून आम्ही ती येथे देत आहोत.

कॅलिफोर्निया प्रांतात डेव्हिस नावाचे एक विद्यापीठाचे गाव आहे. तेथील उन्हाळा कडक व कोरडा. पाऊस काय तो हिवाळ्यात पडावयाचा, आणि तोही वर्षाकाठी अर्ध्या मीटरच्या आतबाहेर. ह्या गावात मायकेल व ज्युडी कॉर्बेट ह्या पतिपत्नींनी १९७५ साली सुमारे ६० एकर जमिनीवर ‘व्हिलेज होम्स’ ही वसाहत बांधावयास घेतली. पुढील सात-आठ वर्षांत तेथे सुमारे २४० कुटुंबांची सोय झाली.

सर्वसाधारण वसाहतीत प्रत्येक घराच्या अंगणाचा उतार रस्त्याकडे असतो. पाऊस पडला की पाणी धावत रस्त्यावर येते, तेथून गटारात, गटारातून जमिनीखालच्या मोठ्या नळात, आणि शेवटी कोठेतरी दूर नदीनाल्यात. पाणी म्हणजे जणू एखादा नकोसा पाहुणा. तो जितका लवकर जाईल तितके बरे! कॉर्बेट दांपत्याने हा उतारच उलटा केला. अंगणातील पाणी रस्त्याकडे न जाता घरांच्या मागील सामाईक मोकळ्या जागेकडे जावे, अशी जमिनीची आखणी केली. त्या जागेतून रुंद, उथळ व गवताने आच्छादलेले चर काढले, आणि चरांत ठिकठिकाणी लहानलहान बांध घातले. बांधापाशी पाणी घटकाभर थांबते, गाळ खाली बसतो, आणि पुष्कळसे पाणी तेथल्या तेथे जमिनीत मुरून झाडांच्या मुळांस मिळते. फारच मोठी सर आली तर उरलेले पाणी बांधावरून पुढच्या चरात जाते. ह्यात नळ नाही, यंत्र नाही. ओढा जे काम करीत असतो, तेच येथे मनुष्याने विचारपूर्वक करविले आहे.

ही योजना नगरपालिकेच्या अधिकाऱ्यांस मुळीच रुचली नाही. उघड्या चरांत उंदीर-घुशी माजतील, पाणी तुंबेल, अशा त्यांच्या शंका होत्या. पैसा पुरविणाऱ्या संस्थाही प्रथम कां कूं करीत होत्या. अखेर, योजना फसल्यास नेहमीचे नळ घालण्याचा खर्च निघावा म्हणून हमी लिहून घेऊन परवानगी देण्यात आली. अधिकाऱ्यांचा हा हट्ट आम्हांस सर्वस्वी अयोग्य वाटत नाही. लोकांच्या घरांची जबाबदारी ज्याच्या शिरावर आहे, त्याने संशय घेतलाच पाहिजे. परंतु पुढे मोठा पाऊस झाला तेव्हा ते चर पुरे पडले. इतकेच नव्हे, तर शेजारच्या वस्तीतून वाहून आलेले पाणीही त्यांनी सामावून घेतले. नळ न घातल्यामुळे घरामागे सुमारे ८०० डॉलर वाचले, आणि त्या पैशांतून झाडे व बागा झाल्या.

हे वाचून कोणी लगेच कुदळ-फावडे हाती घेऊ नये. मुंबईत सांताक्रूझ येथे २६ जुलै २००५ रोजी एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. डेव्हिसला तितका पाऊस पडण्यास जवळजवळ दोन वर्षे लागतील. तेथील चराचे माप येथे चालणार नाही. येथे चर अधिक मोठे हवेत, त्यांस पुढे मोकळा ओढा हवा, आणि त्या ओढ्याच्या पात्रात कोणी घरे बांधलेली नसावीत. ही शेवटली अट सर्वांत अवघड आहे, हे मुंबईकर पालकांस सांगावयास नको.

पाण्याप्रमाणे उन्हाचाही विचार तेथे झाला. रस्ते पूर्वपश्चिम आखल्यामुळे घरांची मोठी बाजू दक्षिणेकडे करता आली. हिवाळ्यात मध्यान्हीचा सूर्य दक्षिणेस खाली असतो, तेव्हा त्याचे किरण मोठ्या खिडक्यांतून खोलीत दूरवर शिरतात. उन्हाळ्यात तो जवळजवळ डोक्यावर येतो, आणि छपराची पुढे काढलेली कड त्याला बाहेरच अडविते. भूगोलाच्या तासाला सूर्याचे उत्तरायण-दक्षिणायन पाठ करणाऱ्या मुलांनी ही गोष्ट ध्यानात घ्यावी. एका घराची सावली दुसऱ्यावर पडू नये, असाही तेथे निर्बंध आहे. रस्ते मुद्दाम अरुंद व एका टोकाला बंद ठेवले आहेत. त्यामुळे डांबर कमी तापते, झाडांची सावली रस्त्यावर पोचते, आणि मोटारी भरधाव जात नाहीत. मुले मात्र हिरवळीतील पायवाटांनी सायकलवरून कोठेही जाऊ शकतात.

सुमारे आठ-आठ घरांमध्ये एक सामाईक जागा आहे; तिची व्यवस्था त्या आठांनीच पाहावयाची. शोभेच्या झाडांऐवजी बदाम, द्राक्षे, अंजीर, डाळिंब अशी झाडे पुष्कळ. चार शेजारी एकत्र आले की वाद होतातच, आणि तेथेही ते झाले असतील; पण ज्यांना एकाच चराची काळजी वाहावी लागते, त्यांची निदान ओळख तरी होते.

१९८४ साली फ्रान्सचे अध्यक्ष मित्तराँ ही वसाहत पाहावयास आले होते. नंतरही कित्येक अभियंते येऊन पाहून गेले. अनुकरण मात्र थोडेच झाले. आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. सामान्य मिळकतीच्या माणसालाही येथे राहता यावे, असा कॉर्बेट यांचा हेतू होता. पण झाडे वाढली, सावली पसरली, तशी घरांची मागणीही वाढली, आणि गावातील तशाच आकाराच्या इतर घरांहून येथील घरे महाग झाली.